दोन इंच फोम, सातशे चाळीस किलोमीटर रूळ

१९७७ च्या आधी दुसऱ्या वर्गाच्या थ्री-टायर डब्यात ज्याने दोन रात्री काढल्या आहेत, तो माणूस आजही ओळखू येतो. प्रवासाचा विषय निघाला की त्याचा हात आपसूक कमरेवर जातो. बर्थ म्हणजे तेव्हा फळी होती. नुसती लाकडी, पट्ट्यापट्ट्यांची, आणि दोन पट्ट्यांच्या फटीत ढेकणांचा पिढीजात मुक्काम. ज्याच्याजवळ होल्डॉल तो सुखी. त्याखालोखाल वळकटीवाले. उरलेल्यांनी चादर चौपदरी करायची, तीही नसेल तर वर्तमानपत्र अंथरायचे आणि ज्या कुशीवर कमी टोचेल ती कूस पहाटेपर्यंत शोधत राहायची. खिडकीतून इंजिनाची काजळी, शेजारी ट्रंकांचा खडखडाट. सकाळी उतरताना पाठीवर फळीच्या रेघा उमटलेल्या असत. १९७४ साली रेल्वेने 'तिसरा वर्ग' रद्द केला खरा, पण तो नावापुरता. पाटी बदलली, फळ्या त्याच राहिल्या.

या फळीवर दोन इंच फोम चढवणारा मंत्री मराठी होता, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता आणि ज्या मतदारसंघातून तो निवडून आला होता तिथे रेल्वेचा एक फूटही रूळ नव्हता. प्रा. मधु दंडवते.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. मोरारजी देसाईंनी रेल्वे खाते राजापूरच्या खासदाराकडे दिले. समाजवादी माणूस रेल्वेमंत्री झाला म्हणजे पहिला वर्ग बंद करणार, वातानुकूलित डबे काढून टाकणार, अशी अटकळ होती. दंडवते यांनी तसे काही केले नाही. पहिल्या वर्गाला खाली खेचण्यात मला रस नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचे आहे, ही त्यांची भूमिका होती. भारतीय समाजवाद्यांच्या हातून बरेच काही नासले, त्याचे एक कारण म्हणजे त्यांना काढून घ्यायचे काय हे पक्के ठाऊक असे आणि द्यायचे काय हे नसे. दंडवते या नियमाला अपवाद. त्यांना द्यायचे काय हे मोजमापासकट ठाऊक होते.

फोमच्या गाद्या एका रात्रीत सगळीकडे आल्या नाहीत. आधी लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांत, मग हळूहळू इतर गाड्यांत, असे करत पुढचे दशकभर ते काम चालले. तोवर दंडवते यांचे मंत्रिपद जाऊन जमाना झाला होता. त्यामुळे झाले असे, की ज्या कोट्यवधी लोकांची पाठ त्या गादीला टेकली त्यांतल्या बहुतेकांना ती कोणामुळे आली हे कधी कळलेच नाही. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या फोमची आवर्जून दखल घेतली आहे. कोणा पुढाऱ्याच्या एखाद्या निर्णयाने सामान्य माणसाला थेट, शरीराला जाणवेल असा दिलासा किती मिळाला, असा हिशेब मांडला तर हे दोन इंच फार वरच्या क्रमांकावर येतात. माझ्या मते पहिल्याच.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबईहून हावड्याला गीतांजली एक्सप्रेस सुटली. जलद गाडी, पण तिच्यात वर्गच नव्हते. सगळे डबे एका दर्जाचे, सगळी तिकिटे एका भावाची. तोवर 'सुपरफास्ट' म्हणजे साहेबलोकांची गाडी आणि गरिबाने पॅसेंजरने जायचे, गावोगाव थांबत, हा रिवाज होता. दंडवते यांनी वेग हीसुद्धा वाटून घेण्याची गोष्ट आहे असे ठरवले. पुढे गीतांजलीला वातानुकूलित डबे लागले आणि ती इतर गाड्यांसारखी झाली. तरी सुरुवात तशी होती हे नोंदवून ठेवले पाहिजे.

तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची, मात्र ती प्रवाशाला दिसणारी नव्हती. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला होता. सुमारे १७ लाख कामगार त्यात होते आणि वीस दिवसांत तो मोडून काढण्यात आला. हजारो जण तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढले गेले. दंडवते यांनी मंत्री होताच बडतर्फ कामगारांना परत घेतले. ज्या फोरमनने संपात माणसे पकडून दिली आणि जो गँगमन तुरुंगातून आला, ते दोघे पुन्हा एकाच सेक्शनमध्ये कामाला लागले. शिस्तीचे काय होणार, असा प्रश्न अधिकाऱ्यांना पडला असणारच. गाड्या मात्र चालत राहिल्या.

*

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. बेचाळीसच्या आंदोलनाने जी पिढी घडवली तिच्यातलेच ते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केले आणि सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली स्थापन केलेले हे कॉलेज. दिवसा नोकरी करून शिकणारी, घरातली पहिलीच मॅट्रिक झालेली मुले तिथे येत. दंडवते तिथे अणुभौतिकी शिकवत, पुढे उपप्राचार्य झाले. १९७१ पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत, त्यांचे पोट मास्तरकीवरच होते. राजकारण हा त्यांचा धंदा नव्हता.

मास्तरकीची ही सवय संसदेतही सुटली नाही. त्यांचे लोकसभेतले भाषण म्हणजे आधी व्याख्या, मग गृहीतक, मग पुरावा आणि वर्ग पेंगायला लागला की एक कोटी. कामकाजाच्या नियमांचे पुस्तक त्यांना कोळून प्यायल्यासारखे येई. समोरच्या बाकावरचा मंत्री भलत्या नियमाचा आधार घेऊन बोलू लागला की ते हरकतीचा मुद्दा घेऊन उभे राहत, आणि अध्यक्षांना ऐकून घ्यावेच लागे. आवाज चढवायची गरज त्यांना फारशी पडली नाही. आज संसदेचे थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांना हे कदाचित सांगूनही पटणार नाही.

अंगावर घेण्याचीही तयारी होती. १९५५ साली गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्द ओलांडून जात होत्या. पोर्तुगीज पोलीस अटक करण्याआधी मारत, सोडण्याआधी पुन्हा मारत. दंडवते एका तुकडीचे नेते होते आणि त्यांनी तो मार खाल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. १९५३ मध्ये त्यांचे लग्न प्रमिला करंडे यांच्याशी झाले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातली, चित्रकलेचे शिक्षण घेतलेली ही मुलगी पुढे नवऱ्याच्या सावलीत राहिली नाही. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईत महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या बायकांत प्रमिलाताई पुढे होत्या. १९८० मध्ये त्या उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि हुंडाबंदी कायद्याला दात बसवण्यासाठी भांडल्या. त्या सभागृहात नवरा-बायको दोघेही आपापल्या मतदारसंघांतून आलेले होते. प्रमिलाताईंवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे एवढ्यावरच थांबतो.

*

राजापूर हा मतदारसंघ १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै यांचा. वेंगुर्ल्याचा मुलगा, विलायतेत शिकून आलेला, इंग्रजीत आणि मराठीत सारखाच बोलणारा. लोक नाथ पैंच्या भाषणाला होडीतून खाडी ओलांडून येत. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात ते गेले तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते, आणि दोनच महिन्यांवर निवडणूक होती. प्रजा समाजवादी पक्षाने तिथे दंडवते यांना उभे केले.

आता हे धाडसच होते. दंडवते नगरचे. कोकणच्या भाषेत घाटावरचे. आणि कोकणी माणूस घाटावरच्याला चहा पाजेल, पण आपला म्हणायला वेळ घेईल. त्यात त्या निवडणुकीत इंदिरा गांधींची लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने नेल्या. देशभरात प्रजा समाजवादी पक्षाला मिळाल्या फक्त दोन. त्यांतली एक राजापूर.

त्यानंतर १९७७, १९८०, १९८४, १९८९. सलग पाच वेळा. यातली १९८४ ची निवडणूक विशेष. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत भलेभले वाहून गेले. जनता पक्षाचे देशभरात दहाच खासदार उरले. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेसचे. उरलेल्या पाचांत बारामतीचे शरद पवार, गिरणगावातून डॉ. दत्ता सामंत, कुलाब्याचे दि. बा. पाटील, आणि राजापूरचे दंडवते. पवारांच्या मागे साखर होती, सामंतांच्या मागे संप, दि. बां.च्या मागे सिडकोविरुद्ध पेटलेले आगरी-कोळी गावकरी. दंडवते यांच्या मागे ना कारखाना, ना बँक, ना जात. मग काय होते?

उत्तर त्या काळच्या कोकणात आहे. घरटी एक तरी माणूस मुंबईत. गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या दुकानात. गावात बायका, म्हातारी माणसे आणि मुले. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन दारात आला की घर चाले. मनीऑर्डरीवर चालणारा हा जिल्हा म्हणूनच पुढाऱ्यांच्या मुठीत नव्हता. तिथे ऊस नव्हता म्हणून ऊस रोखून धरणारा कारखानदार नव्हता. मतदार कुणाचे देणे लागत नव्हता. आणि प्रत्येक वाडीत एक प्राथमिक शाळेचा मास्तर होता, जो सेवा दलात गेला होता किंवा साने गुरुजींची पुस्तके वाचून मोठा झाला होता. अशा मुलखात प्राध्यापक निवडून येतो यात नवल नाही. नवल आहे ते हे, की तो वीस वर्षे टिकला.

या मुलखाचे एकच मोठे दुःख होते: वाट. आधी भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. पावसाळा आला की बोट बंद, मग पुढे बोटीच बंद. उरली एस. टी. मुंबई सेंट्रलला संध्याकाळी चढायचे, कशेडीचा घाट उतरेपर्यंत निम्मी गाडी ओकून मोकळी झालेली असे. बायका पदराच्या टोकाला लिंबू बांधून ठेवत. सावंतवाडीला पोचेपर्यंत पुढचा दिवस बराच वर आलेला असे. गणपतीला जादा गाड्या लागत आणि त्याही कमी पडत. बाळंतपण असो की मयत, मुंबईतला माणूस वेळेवर पोचेल याची खात्री कुणालाच नसे. कोकणात रेल्वे हवी ही मागणी जुनी होती. अ. बा. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य घातले, नाथ पै लोकसभेत तिच्यावर बोलत राहिले, आणि दंडवते यांच्याकडे ती वारशाने आली.

मग रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी ती का आणली नाही? कोकणात हा प्रश्न त्यांना तोंडावर विचारला गेला, आणि रास्त होता. पनवेल-आपट्यापर्यंत रूळ आधीच आले होते. आपटा ते रोहा हा पुढचा साठेक किलोमीटरचा तुकडा दंडवते यांच्या काळात मंजूर झाला. गाडी रोह्याला पोचायला १९८६ उजाडले. यातच उत्तर आहे. नवी लाइन रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून व्हायची, म्हणजे दर साली काही कोटींची तरतूद आणि तेवढेच काम. रोह्यापासून मंगळूरपर्यंत या चालीने जायचे तर तीन पिढ्या लागल्या असत्या. शिवाय नियोजन आयोगाचा निकष: गुंतवलेल्या पैशावर परतावा किती? आंबा दोन महिने, काजू थोडा, मासळी नाशवंत, बाकी माणसेच. कागदावर कोकण रेल्वे नेहमी तोट्यात निघे.

*

मंत्रिपदाच्या आधीचे आणि नंतरचे एकेक प्रकरण इथे सांगायला हवे, कारण माणूस त्यांतून कळतो.

जून १९७५. पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीची बैठक बंगळूरला होती. दंडवते तिच्यासाठी गेले होते. लालकृष्ण अडवाणी, अटलबिहारी वाजपेयी, श्यामनंदन मिश्र हेही तिथेच. २५ च्या रात्री दिल्लीत आणीबाणीवर सही झाली, २६ च्या सकाळी बंगळूरच्या आमदार निवासात पोलीस आले. समितीची बैठक राहिली, सभासद सेंट्रल जेलमध्ये गेले. समाजवादी आणि जनसंघी एकाच बराकीत. या चौघांच्या अटकेचे प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या अशा सगळ्या प्रकरणांवर एकत्र निकाल दिला: आणीबाणीत नागरिकाला स्वातंत्र्यासाठी कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही. दंडवते सुमारे दीड वर्ष आत होते. प्रमिलाताई येरवड्यात. नवरा बंगळूरला, बायको पुण्याला, आणि मधे सेन्सॉरने चाळलेली पत्रे.

दुसरे प्रकरण जुलै १९७९ चे. जनता पक्ष फुटत होता. जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत मोरारजींच्या सरकारची जोरदार बाजू घेतली आणि लगेच सरकारातून बाहेर पडले. मधु लिमयेही चरणसिंगांच्या बाजूला गेले. दोघेही दंडवते यांचे आयुष्यभराचे सोबती. दंडवते गेले नाहीत. मोरारजींवर त्यांचे फार प्रेम होते असे नाही. ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलो तो मधेच सोडायचा नाही, एवढे साधे कारण. पक्षांतरबंदीच्या समितीवरून तुरुंगात गेलेल्या माणसाला ते शोभणारेही होते. प्रजा समाजवादी, समाजवादी, जनता, जनता दल अशी नावे त्यांच्या नावापुढे लागली, पण प्रत्येक वेळी अख्खा पक्षच नव्या पक्षात गेला. एकटे उठून ते कुठे गेले नाहीत. पक्षांतरबंदीचा कायदा व्हायला पुढे १९८५ साल लागले.

*

डिसेंबर १९८९. विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले आणि कोकणच्या नशिबी एक असा योग आला की ज्योतिषावर विश्वास नसणाऱ्यानेही पंचांग उघडावे. दंडवते अर्थमंत्री. जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे, रेल्वेमंत्री. नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी रामकृष्ण हेगडे, म्हणजे कारवार-कुमठ्याच्या उत्तर कन्नड जिल्ह्याचे. पैसा देणारा, रूळ टाकणारा आणि परवानगी देणारा, तिघेही त्याच एका न झालेल्या रेल्वेमार्गाच्या मुलखातले. १९७९ ची फाटाफूट दंडवते आणि जॉर्ज यांनी मागे टाकली होती.

त्यांनी परताव्याच्या निकषाशी वाद घालत बसण्याऐवजी त्याला वळसा घातला. अर्थसंकल्पातून थेंब थेंब पैसा घ्यायचाच नाही. स्वतंत्र महामंडळ काढायचे. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. केरळातून एकही किलोमीटर जात नव्हता, तरी केरळ पैसे द्यायला तयार झाले, कारण मुंबईतल्या मल्याळी माणसाची घरी जायची वाट कित्येक तासांनी कमी होणार होती. उरलेला पैसा बाजारातून, रोखे विकून. रोख्यांवरच्या व्याजाला करसवलत द्यायची की नाही हे अर्थमंत्रालयाने ठरवायचे, आणि अर्थमंत्री राजापूरचा होता. रेल्वेसाठी लोकांकडून असा पैसा उभा करून स्वतंत्र कंपनीने एवढा मोठा मार्ग बांधावा, हे देशात नवीन होते. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ नोंदले गेले. नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांना प्रमुख नेमले. १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. ७ नोव्हेंबरला सरकार पडले.

म्हणजे सगळे मिळून अकरा महिने. पण एकदा महामंडळ उभे राहिले, रोखे विकले गेले, चार राज्यांचा पैसा अडकला, की पुढच्या सरकारला काम थांबवणे चालू ठेवण्यापेक्षा महाग पडते. दंडवते यांच्या या खेळीला मी त्यांच्या राजकीय आयुष्यातली सर्वांत हुशार खेळी म्हणेन. त्यांना सभ्य, भाबडे वगैरे म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याशी ती जुळत नाही. सभ्य ते होतेच. भाबडे नव्हते.

पुढचे काम श्रीधरन आणि त्यांच्या तरुण अभियंत्यांचे. मोटारसायकली देऊन त्यांना डोंगरात पाठवले होते. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून पट्ट्या घ्यायच्या होत्या, आणि कोकणात एका कलमाच्या झाडाला सात हिस्सेदार असतात. सुमारे दोन हजार पूल, नव्वदच्या वर बोगदे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल जमिनीपासून ६४ मीटर उंच. काही ठिकाणी कातळ नव्हता, चिकट माती होती, आणि ती खणली की पुन्हा आत येई. गोव्यात मार्ग गावांतून आणि खाजणांतून नेण्यावरून मोठे आंदोलन झाले, १९९३ मध्ये तिथले काम थांबवून न्या. ओझा यांचा आयोग नेमावा लागला. गोव्याच्या लोकांचे सगळेच आक्षेप खोटे नव्हते. कामावर जीव गमावलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरी स्थानकाजवळ आहे. गाडी तिथे बराच वेळ थांबते, उतरून बघता येते. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये खर्च आला होता.

*

अर्थमंत्री म्हणून दंडवते यांचा हिशेब मात्र इतका चोख लागत नाही. १९ मार्च १९९० ला त्यांनी एकुलता एक अर्थसंकल्प मांडला. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला, हे चांगले झाले. त्या कायद्याने १९६० च्या दशकात सोनारांचे धंदे बसवले होते आणि तस्करांचे वसवले होते. दुसरीकडे निवडणुकीतल्या आश्वासनाप्रमाणे शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ केली. हेतूबद्दल शंका नाही. पण सहकारी पतसंस्थांच्या वसुलीची घडी त्याने विस्कटली, आणि कर्ज न फेडणे शहाणपणाचे ठरू शकते हा धडा गावोगाव गेला. तो अजून विसरला गेलेला नाही.

तिजोरी आधीच्या सरकारनेच उधारीवर आणून ठेवली होती, हे खरे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेलाचे भाव भडकले, आखातातून भारतीय परत येऊ लागले, परकीय चलन आटू लागले. त्याच महिन्यात मंडल आयोगाचा निर्णय झाला होता आणि उत्तर भारत पेटला होता. असल्या धुमाकुळात कठोर निर्णय घ्यायला जो राजकीय जोर लागतो तो बाहेरून भाजप आणि डावे अशा दोन टेकूंवर उभ्या असलेल्या सरकारात नव्हता. तरीही येणारे संकट किती मोठे आहे हे देशाला त्या वेळी मोठ्याने सांगायला हवे होते, आणि ते सांगण्याचे काम अर्थमंत्र्याचे होते. १९९१ साली सोने गहाण पडले तेव्हा खुर्चीत दुसरे होते. त्या वाटेवरचे काही मैल दंडवते यांच्या काळातले आहेत. फोमचे श्रेय त्यांना द्यायचे तर हेही त्यांच्याच खात्यावर मांडावे लागते.

मे-जून १९९१ मध्ये निवडणुका झाल्या आणि राजापूरमध्ये दंडवते पडले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. ज्या रेल्वेसाठी वीस वर्षे घालवली तिचे भूसंपादन मतदारसंघात चालू होते, आणि लोकांनी खासदार बदलला. याला कृतघ्नपणा म्हणणारे लेख तेव्हा आले. मला तसे वाटत नाही. कोकण तोवर बदलले होते. १९८२ च्या संपाने गिरणगाव मोडले, गिरणीतला नवरा आणि मुलगा घरी बसला, आणि मुंबईतल्या त्या बेकार तरुणाची भाषा शिवसेना बोलत होती, समाजवादी नव्हे. मनीऑर्डरीबरोबर मतांचाही रस्ता बदलला. १९९६ पासून राजापूर शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेले. तेही पुढे, २०१४ मध्ये, रेल्वेमंत्री झाले. फक्त तेव्हा ते राजापूरचे खासदार नव्हते, राज्यसभेत होते.

दंडवते यांनी हार मुकाट्याने घेतली. १९९६ ते १९९८ या काळात देवेगौडा आणि गुजराल यांच्या सरकारांत ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. म्हणजे ज्या आयोगाने कोकण रेल्वेला परतावा विचारला होता त्याच्याच खुर्चीत ते होते, जेव्हा पहिली गाडी पूर्ण मार्गावर धावली. २००१ च्या अखेरीस प्रमिलाताई गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी दंडवते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. अंत्यविधी नाही, समाधी नाही, तिच्यासाठी जागा मागणारी समिती नाही. दोन मोठी खाती सांभाळलेल्या माणसाच्या नावावर भ्रष्टाचाराची एक वदंताही नाही. त्याचे फार कौतुक करू नये असे मला वाटते, कारण त्यांच्या पिढीच्या समाजवाद्यांत ते कौतुकाचे मानतच नसत.

*

कोकण रेल्वे आज दंडवते यांच्या स्वप्नातली आहे का? अर्धी. मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. दुहेरीकरण रोह्याच्या पुढे वीरपर्यंत झाले आणि बाकी मार्ग बहुतेक एकेरीच. दक्षिणेच्या गाड्या धडधडत जातात, कोकणातल्या लहान स्टेशनांवर थांबत नाहीत, आणि 'रेल्वे आमच्या परसातून जाते पण दारात थांबत नाही' ही कोकणी माणसाची तक्रार कायम आहे. गणपतीचे आरक्षण उघडले की काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते. महामंडळाच्या डोक्यावरचे कर्ज आणि वाढीला लागणारा पैसा यांचा मेळ बसेना, म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करायचे ठरले. महाराष्ट्राने २०२५ मध्ये त्याला संमती दिली. ज्या अर्थसंकल्पाच्या रांगेतून दंडवते-फर्नांडिस यांनी कोकणला बाहेर काढले होते, त्याच रांगेत ते आता परत उभे राहील. एका अर्थी ठीकच आहे, कर्जात बुडालेले महामंडळ दुहेरीकरण कुठून करणार? पण रांगेत कोकणसाठी भांडणारे कोण, हा प्रश्न तेव्हा होता त्याहून आज अवघड आहे.

आणि ती गादी? २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत धावते. चांगली गाडी आहे, सगळ्या खुर्च्या वातानुकूलित, भाडेही तसेच. त्याच काळात देशभरच्या कित्येक जुन्या गाड्यांतले साधे स्लीपरचे डबे कमी करून त्या जागी वातानुकूलित डबे लावले गेले. जे उरले त्या स्लीपरमध्ये जनरलची गर्दी घुसते, आणि दोन इंच फोमवर तिघांच्या जागी सहा बसतात. बिनवातानुकूलित अमृत भारत गाड्या २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाल्या, ही त्यातल्या त्यात योग्य दिशा. पण एकूण गाडी पुन्हा वरच्या वर्गाकडे झुकली आहे. दंडवते यांची मोजपट्टी वरच्या वर्गाची चमक मोजत नव्हती, खालच्या वर्गाची फळी मोजत होती. ती आजच्या रेल्वेला लावली तर उत्तर नापास असे येते, मग स्टेशने कितीही झगमगोत.

यंदा शिमग्याला किंवा मे महिन्यात कोकणात जाल तेव्हा आपले तिकीट काढून झाल्यावर त्या गाडीला स्लीपरचे डबे किती आणि जनरलचे किती हेही बघा. पाच वर्षांपूर्वी किती होते ते घरातल्या थोरांना विचारा. कमी झाले असतील, तर आपल्या खासदाराला तसे लेखी कळवा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा कळवत राहा.